ड्रम किटचा सराव आणि खालचा मजला

फ्लॅटमध्ये ड्रम किट वाजवला की दोन वेगळे आवाज तयार होतात. काठी स्नेअरवर, टॉमवर किंवा सिंबलवर पडल्यावर निघणारा आवाज हवेतून पसरतो आणि खिडकी, दाराची फट, बाल्कनी अशा वाटांनी शेजारी पोहोचतो. पेडलचा बीटर बास ड्रमवर आदळतो तेव्हा हवेतल्या आवाजाखेरीज एक धक्काही निघतो. तो पेडलच्या तळपट्टीतून आणि ड्रमच्या पायांतून फरशीत उतरतो आणि स्लॅब, बीम, कॉलम यांमधून इमारतभर फिरतो. बाजारात मिळणारे बहुतेक प्रॅक्टिस पॅड आणि म्यूट पहिल्या आवाजासाठी बनवलेले आहेत. सोसायटीतली तक्रार मात्र बहुधा दुसऱ्याची असते, आणि ती खालच्या मजल्यावरून येते. त्यामुळे शांत सरावाची जुळवाजुळव पायापासून सुरू करावी आणि हातांकडे नंतर यावे.

आधी आकडे. जोरात वाजवलेल्या किटचा आवाज वादकाच्या कानाशी 100 डेसिबलच्या सहज वर जातो. रिमशॉटचे, म्हणजे काठी हेडवर आणि धातूच्या कडेवर एकदम मारलेल्या ठोक्याचे, क्षणिक शिखर त्याहूनही बरेच वर असते. भारतात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. साधी सरकती खिडकी नीट बंद केली तर वीस-पंचवीस डेसिबल अडतात, उघडी ठेवली तर जवळपास काहीच अडत नाही. उरलेली वीस-पंचवीस डेसिबलची घट किटवरच करावी लागते.

ही घट उत्पादक टक्क्यांत सांगतात आणि तिथे गोंधळ सुरू होतो. ‘80 टक्के आवाज कमी’ असे वेष्टनावर असते. टक्के कशाचे, ते नसते. ध्वनीची ऊर्जा 80 टक्क्यांनी घटली तर 7 डेसिबल कमी होतात, ध्वनीचा दाब तेवढा घटला तर 14. ‘95 टक्के’ म्हणजे याच हिशेबाने 13 किंवा 26 डेसिबल. साधारण 10 डेसिबल उतरल्यावर कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे एकाच ‘95 टक्के’ या दाव्यात निम्म्याहून थोडा कमी आवाजही बसतो आणि जेमतेम सहाव्या हिश्शाचा आवाजही बसतो. टक्क्यांवर विसंबून खरेदी करू नये. डेसिबलमध्ये आकडा दिला असेल तरच तो तुलनेला घ्यावा.

फोनमधल्या मापक ॲपबद्दलही एक सावधगिरी हवी. अशी ॲप बहुधा कानाच्या संवेदनेशी जुळवलेल्या ‘ए’ मापनावर चालतात, आणि त्या मापनात 50 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. बास ड्रमचा मूळ स्वर साधारण याच भागात असतो. परिणामी फोनच्या पडद्यावर आकडा सुखावणारा दिसतो आणि खालच्या घरात मात्र छत ठोकले जात असते.

भरवशाची चाचणी म्हणजे कुणाला तरी वाजवायला बसवून स्वतः खालच्या घरात जाणे. संध्याकाळी, पंखा आणि टीव्ही बंद करून, पलंगावर डोके टेकून ऐकावे. राइड सिंबल ऐकूच येत नाही. म्यूट घातलेला स्नेअर एखाद्या पुसट टिकटिकीइतका उरतो. बास ड्रमचा प्रत्येक ठोका मात्र ‘धप्’ असा, कानापेक्षा छातीला आणि उशीला अधिक जाणवतो. ठेका ओळखता येतो, कोणता पाय कुठे चुकला हेही कळते. भिंतीला तळवा लावला तर तोच ठोका हाताला लागतो. वर वाजवणाऱ्याला याची काहीच कल्पना नसते, कारण त्याच्या खोलीत तोच ठोका सर्वांत सौम्य वाटत असतो.

याचे कारण आपल्या घरांच्या बांधणीत आहे. फ्लॅटचा आरसीसी स्लॅब साधारण पाच-सहा इंच जाडीचा असतो आणि त्यावर मसाल्यात थेट टाइल बसवलेली असते. मध्ये मऊ थर नसतो. इतके जड काँक्रीट हवेतला आवाज उत्तम अडवते, म्हणून वरच्या घरातले बोलणे खाली येत नाही. धक्क्याच्या बाबतीत हाच स्लॅब अगदी उलट वागतो. तो ताठ असतो, कंपन आत जिरवत नाही आणि सांध्यांमधून पुढे देतो. खुर्ची सरकवल्याचा आवाज दोन मजले खाली जातो तो यामुळेच. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटवून यात काडीचाही फरक पडत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, स्लॅबमधला धक्का नाही.

उपाय एकच: किट आणि फरशी यांच्यामध्ये स्प्रिंगसारखे काम करणारा थर. अशा थरावर ठेवलेल्या वजनाला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. वजनाने थर जितका दबेल तितकी ती उतरते, आणि तिचा अंदाज सोपा आहे: थर किती दबला ते सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचे वर्गमूळ काढावे आणि 5 ला त्याने भागावे. थर 1 सेंटिमीटर दबला तर 5 हर्ट्झ, पाव सेंटिमीटर दबला तर 10 हर्ट्झ. या संख्येच्या सुमारे 1.4 पटीच्या वरची कंपनेच अडू लागतात. त्याखालची अडत नाहीत आणि नेमक्या त्या संख्येपाशी तर ती वाढतात.

व्यायामशाळेतली रबरी मॅट ड्रमखाली घालून निराश झालेले लोक पुष्कळ आहेत, त्यांचे उत्तर या सूत्रात आहे. घट्ट रबराची मॅट किटच्या भाराखाली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीच दबली, तर तिची कंपनसंख्या 50 हर्ट्झ येते. बास ड्रमचा स्वरही तिथेच. त्या खर्जाला अशी मॅट अडवत तर नाहीच, उलट साथ देऊ शकते. पाय घसरू नयेत, टाइलवर ओरखडे पडू नयेत यासाठी ती चांगली. खालच्या मजल्यासाठी तिच्यावर पैसे घालू नयेत.

ड्रमवादकांमध्ये जगभर रुळलेला उपाय टेनिस बॉलच्या चौथऱ्याचा आहे आणि तो पूर्णपणे शास्त्राला धरून आहे. प्लायवूडचे 18 मिलिमीटर जाडीचे दोन तक्ते घ्यायचे. खालच्या तक्त्यात पाच सेंटिमीटर व्यासाची भोके पाडायची, त्यांत बॉल बसवायचे, वर दुसरा तक्ता ठेवायचा आणि त्यावर गालिचा अंथरून किट मांडायचा. टेनिस बॉलचा व्यास 6.54 ते 6.86 सेंटिमीटर असतो, त्यामुळे तो या भोकात अडकून राहतो आणि निसटत नाही.

बॉल किती लावायचे, हा प्रश्न सर्वांत रंजक आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार नेहमीचा बॉल सुमारे 8 किलोंच्या भाराखाली 5.6 ते 7.4 मिलिमीटर दबला पाहिजे. म्हणजे प्रत्येक बॉल ही मोजमाप ठरलेली स्प्रिंगच आहे, आणि ती कोणत्याही खेळाच्या दुकानात मिळते. आता सहा फूट बाय पाच फुटांचा चौथरा धरू. वादक 70 किलोंचा, किट आणि स्टँड मिळून 50, वरचा तक्ता तीस-पस्तीस. एकूण सुमारे 150 किलो. 25 बॉल लावले तर प्रत्येकावर 6 किलो येतात, बॉल साडेचार-पाच मिलिमीटर दबतो आणि कंपनसंख्या 7 ते 8 हर्ट्झ निघते. भोकात घट्ट बसलेला बॉल थोडा ताठ वागतो, म्हणून 10 धरू. तरीही 50 हर्ट्झच्या धक्क्याचा सैद्धांतिक हिशेबाने चोविसावा भागच खाली जातो. प्रत्यक्षात चौथरा लवतो, बॉल झिजतो आणि आकडा एवढा सुरेख राहत नाही. पण खाली जाऊन ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो.

याच हिशेबातून एक गैरसमज दूर होतो. बॉल जास्त लावले की गादी अधिक मऊ होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बॉल दुप्पट केले तर प्रत्येकावरचा भार निम्मा होतो, तो कमी दबतो आणि चौथरा अधिक ताठ होतो. बॉल कमी आणि वजन जास्त, हे खरे सूत्र. म्हणून वादकाचे स्टूलही चौथऱ्यावरच असावे. त्याचे वजन इथे कामाचे आहे. फार कमी बॉल लावले तर मात्र क्रॅशचे उंच स्टँड डोलू लागतात आणि तक्ता मध्ये लवतो, म्हणून वीस-पंचवीसच्या आसपास थांबणे बरे. गल्ली क्रिकेटसाठी मिळणारे जड, जाड कवचाचे बॉल घेऊ नयेत, ते पुरेसे दबत नाहीत. टेनिस क्लबमधून निवृत्त झालेले बॉल स्वस्तात मिळतात आणि चालतात, फक्त सगळे सारख्याच ताकदीचे निवडावेत. नाहीतर चौथरा एका बाजूला कलतो. सर्वांत महत्त्वाचे, चौथऱ्याची कड भिंतीला किंवा कपाटाला टेकता कामा नये. एक कोपरा जरी टेकला तरी धक्क्याला पूल मिळतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

अख्खा चौथरा बसवायला जागा नसेल तर फक्त बास पेडलपुरती छोटी बैठक करता येते. तिथे अडचण वजनाची: पेडल आणि पाय मिळून भार फार थोडा, म्हणजे बॉल दबतच नाहीत. त्यावर आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू म्हणजे शहाबादी फरशी. दोन फूट चौरस, इंचभर जाडीची शहाबादी सुमारे 24 किलो भरते. ती चार बॉलवर ठेवली की प्रत्येकावर आपसूक 6 किलो येतात. फरशीवर प्लायचा तुकडा पक्का करून त्यावर पेडल आणि किक पॅड बसवायचा. यंत्रशाळांमध्ये जड यंत्रांखाली स्प्रिंगवर काँक्रीटचा ठोकळा ठेवतात, त्यामागचे तत्त्व हेच. वजनाची धास्ती बाळगायचे कारण नाही. घरातला स्लॅब दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेला असतो.

यानंतर बीटर कशावर आदळतो ते पाहावे. ठोका जितका अचानक थांबतो तितके त्याचे शिखर तीव्र. कडक रबराच्या किक पॅडवर बीटर क्षणात थांबतो. हवेत आवाज जवळपास नाही, पण फरशीत धक्का पुरेपूर. जाळीच्या मेश हेडवर तो आत जाऊन हळू थांबतो, म्हणून धक्का बोथट होतो. मेशवर बीटर जास्त उसळतो ही तक्रार खरी आहे. ड्रमच्या आत चादरीची गुंडाळी जाळीला हलकेच टेकेल अशी ठेवली की ती मिटते. बीटरची प्लॅस्टिकची बाजू टाळून फेल्टची बाजू वापरावी आणि आदळण्याच्या जागी जाड चकती चिकटवावी, नाहीतर जाळी तिथेच विरते. वाजवण्याच्या सवयीचाही वाटा मोठा आहे. टाच उचलून, मांडीच्या वजनाने बीटर हेडवर दाबून धरणारा वादक खाली सर्वांत जास्त ऐकू येतो. टाच टेकवून, बीटर मोकळा परत येऊ देत वाजवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि रात्रीच्या सरावात ते आपोआप घडते.

आता हात. स्नेअर आणि टॉमसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हेडवर नुसती ठेवायची रबरी किंवा निओप्रीनची चकती. एव्हान्सच्या साउंडऑफ मालिकेतल्या आणि विक फर्थच्या चकत्या यांत सर्वाधिक दिसतात. त्या ठेवायला आणि काढायला क्षण पुरतो, किटचे सूर बिघडत नाहीत, संध्याकाळी म्यूट आणि रविवारी दुपारी उघडा ड्रम असे जमते. संच घेताना किटची मापे तपासावीत: 10, 12, 14 इंचांच्या टॉमचा ‘फ्यूजन’ संच आणि 12, 13, 16 इंचांचा ‘स्टँडर्ड’ संच वेगवेगळे मिळतात, आणि लहान चकती मोठ्या ड्रमवर ठेवली तर उघडी राहिलेली कड ठणठणते. दुसरा मार्ग मेश हेडचा. रेमोचे सायलेंटस्ट्रोक हे त्यातले प्रसिद्ध नाव. यासाठी हूप काढून मूळ हेड बाजूला ठेवावे लागते. आरटॉम कंपनीच्या ‘ब्लॅक होल’ प्रकारात जाळी मूळ हेडच्या वरूनच हूपला अडकवता येते, तेव्हा ही खटपट वाचते.

आवाजात मेश उजवी. जाळीतून हवा आरपार जाते, त्यामुळे ती हवेला फारशी ढकलत नाही. उरते ती फक्त काठीच्या टोकाची चुटपुट. स्पर्शात मात्र निवड आवडीवर जाते. मेश सैल असेल तर काठी रुतते, ताणली तर खऱ्या हेडपेक्षाही जास्त उसळते. रबरी चकतीवर उसळी कमी आणि सगळीकडे सारखी, त्यामुळे फ्लोअर टॉमचा खरा सैलपणा हरवतो. स्नेअरवर ज्यांना बारीक घोस्ट नोट घोटायच्या आहेत त्यांनी चकती घ्यावी: खालच्या तारांचा हलका खरखराट तिच्यातून येतो आणि हलका व जोरकस ठोका कानाला वेगळा कळतो. टॉमवर मेश चांगली. दोन्हींची सरमिसळ करायला कुणाची हरकत नाही, आणि तीच जुळणी सर्वांत वाजवण्याजोगी ठरते. रिमशॉटवर यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही, कारण काठी धातूच्या हूपवर पडते.

सिंबलचे दुखणे वेगळे. त्यांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणून भिंतींनी बराच अडतो. पण खोलीत बसलेल्याच्या कानाला तोच सर्वाधिक बोचतो. कडेला बसवायची रबरी पट्टी किंवा वर ठेवायचा रबरी अर्धगोल सिंबलला मुका करतो. राइडवर काठीचा ‘टिंग’च गेल्यावर उरलेल्या थडथडीवर स्विंग घोटणे कंटाळवाणे होते. 1623 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू झालेल्या झिल्जियन घराण्याने त्यावर बारीक छिद्रांचे एल-80 सिंबल काढले. छिद्रांमुळे धातू आणि हवेशी भिडणारे क्षेत्र दोन्ही घटते. सिंबल सिंबलसारखाच वाजतो, फक्त दुरून आल्यासारखा. आज सर्व शांत साधनांत संगीत म्हणून ऐकवेल असे साधन हेच आहे, आणि चौथऱ्यानंतर पैसे आणखी एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत. पावसाळ्यात रबरी पट्ट्या सिंबलवर कायम ठेवू नयेत. तांबे आणि कथिलाच्या या मिश्रधातूवर रबराखाली ओल धरून हिरवट डाग येतात.

सुटा प्रॅक्टिस पॅड हा जुना साथी आहे. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलचे वादक बिली ग्लॅडस्टोन यांनी स्नेअरवर ठेवायचा रबरी पॅड घडवला. पॅडवर घोटायच्या मूलभूत ठोकेमालिका म्हणजे रूडिमेंट्स: 1933 मध्ये अमेरिकेत रूडिमेंटल ड्रमवादकांची संघटना स्थापन झाली, 1935 मध्ये जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ हे सरावाचे पुस्तक आले, आणि आज शिकवल्या जाणाऱ्या 40 रूडिमेंट्सची यादी 1984 मध्ये पक्की झाली. बीटल्सच्या उत्तरकाळातल्या ध्वनिमुद्रणांत रिंगो स्टार यांनी ड्रमवर टी-टॉवेल अंथरले ते सुरासाठी, पण घरी हीच युक्ती फुकटात चालते.

पॅड निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: उसळी, स्वतःचा आवाज आणि बैठक. गम रबरचा करडा पॅड, उदाहरणार्थ एव्हान्सचा रिअलफील, स्नेअरपेक्षा थोडी जास्त उसळी देतो; डबल स्ट्रोक त्यावर आयते सुरेख निघतात आणि फ्लोअर टॉमवर गेल्यावर कोसळतात. मूनजेलच्या पॅडवर उसळी जवळपास नसते, तिथे प्रत्येक ठोका मनगटाला उचलावा लागतो. रोजच्या सरावाला स्नेअरहून किंचित कमी उसळीचा पॅड उत्तम, आणि आठवड्यातून थोडा वेळ उशीवर. संपूर्ण मुका पॅड टाळावा. उजवा आणि डावा हात सारखा पडतो की नाही हे कानाने तपासायचे असते. तबलावादक बोलांच्या पढंतीत जे तोंडाने पक्के करतात त्याची ही हाताची बाजू आहे. पॅड जेवणाच्या टेबलावर ठेवू नये, कारण टेबलाची फळीच ध्वनिपेटी बनते. 12 इंचांचा पॅड स्नेअरच्या स्टँडवर नीट बसतो.

इलेक्ट्रॉनिक किट हा वेगळा विषय आहे. 1997 च्या रोलँड टीडी-10 पासून त्यांतही मेश हेड आली आणि स्पर्श पुष्कळ सुधारला. हेडफोनमुळे हवेतला आवाज नाहीसा होतो, पेडलचा धक्का मात्र जसाच्या तसा राहतो. चौथरा तिथेही लागतोच. शिवाय हेडफोनचा आवाज वादक नकळत वाढवत नेतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास सुरक्षित, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे उरतात. उघड्या किटला हाच हिशेब लागू आहे, म्हणून म्यूट असो वा नसो, शिकणाऱ्या मुलांच्या कानात इअरप्लग असावेतच.

ही साधने टिकतात, पण अमर नसतात. गम रबर उन्हात चिरफळते आणि धूळ धरून चिकट होते; ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. मेशचे धागे विरले की हेड बदलावे, फाटण्याची वाट पाहिली तर काठीचे टोक आत अडकते. टेनिस बॉल वर्षाकाठी एकदा बाहेर काढून दाबून पाहावेत आणि बसलेले बदलावेत. परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ आला की मात्र तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये उघड्या किटवर काही बैठका कराव्यात, कारण म्यूटवर सवयीने वाढलेला हाताचा जोर तिथे पहिल्या पाच मिनिटांत उघड होतो आणि तो उतरवायला दोन-तीन बैठका लागतात.